उजवा पाय दे!

शेपटीखाली चाक असलेलं छोटं विमान उतरवायला शिकवणं, हा मास्तरांचा जन्माचा धंदा. नाकाखाली चाक असलेली विमानं टेकली की शहाण्यासारखी सरळ धावतात. हे बेणं मात्र दुकानातली ढकलगाडी उलटी ढकलावी तसं. जरा दुर्लक्ष झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. त्याला सरळ ठेवायचं ते पायांनी. दोन पेडलं, एक दाबलं की दुसरं मागे येतं. शिकणारा पुढे, मास्तर मागे, आणि दोघांची पेडलं एकमेकांना जोडलेली. "चाकं टेकली म्हणून हुरळू नका, थांबेपर्यंत पाय जागे ठेवा," हे सांगून सांगून मास्तरांचा घसा बसला होता.

आणि झोपला कोणाचा पाय, तर त्यांचाच. साखरेच्या दुखण्याने डावं पाऊल बधिर झालं होतं. एकदा ते बाहेरून घरी आले तर बायको म्हणाली, "अहो, डावी चप्पल कुठंय?" त्यांनी खाली पाहिलं तेव्हा कुठे कळलं, ती वाटेतच गळून पडली होती. बायको हसली नाही. म्हणाली, "आता पुरे. उद्याच्या उद्या फ्लाइंग क्लबात सांगून टाका." मास्तर "सांगतो" म्हणाले आणि मूग गिळून बसले. सांगितलं असतं तर परवाना गेला असता, आणि विमानाशिवाय आपण म्हणजे घरात बायकोच्या पायात पायात येणारा म्हातारा, या विचाराने त्यांची गाळण उडायची.

त्या दिवशी पुढे बसली होती मेकॅनिकची लेक. मेकॅनिक जुना दोस्त. पंखांवरचं कापड त्यानेच ताणून बसवलेलं. ही फेरी नीट झाली की पोरीला एकटीने उडायची परवानगी मिळणार होती. पोरगी इतकी अलगद टेकली की मास्तरांनी मागच्या मागे मान डोलावली.

मग नाक डावीकडे वळायला लागलं.

"उजवा पाय," मास्तर म्हणाले.

नाक आणखी वळलं.

"उजवा पाय दे गं! उजवा!"

"देतेय काका!"

"कुठे देतेयस? दाब की!"

त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाने जोर लावला. पेडल ढिम्म. पोरगी घाबरून डाव्या पेडलवर उभी राहिली असणार. नवशिके राहतात तशी. समोरून धावपट्टीची कड आडवी गेली, मग गवत, मग शेड, आणि मास्तरांना नुसतं बघत बसण्याखेरीज काही करता येईना. उजवा पंख जमिनीवर घासला, चाक मोडून पोटाखाली गेलं आणि विमान आल्या दिशेला तोंड करून थांबलं.

"लागलं का गं?"

"नाही." ती रडत होती. "काका, मी खरंच देत होते हो. अजून देतेय."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा बूट पेडलवरून घसरून बाजूच्या सांगाड्याच्या नळीखाली रुतला होता, आणि दाबलेलं डावं पेडल त्याने तसंच अडवून धरलं होतं. घोटा भलताच वाकडा झाला होता, आणि काही म्हणजे काही दुखत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पोटरी धरून पाय उपसून काढला.

"आता गेलं," ती म्हणाली. "काका, आता गेलं उजवं पेडल आत."

तेवढ्यात मेकॅनिक धावत आला. लेकीला त्याने खाली उतरवलं, हातपाय चाचपले आणि मग तोंड सोडलं. "झोपले ना पाय? मास्तर होते म्हणून वाचलीस!" त्याने मास्तरांना उतरवायला हात पुढे केला.

"तिचं काही चुकलं नाही रे," मास्तर म्हणाले. "माझा पाय अडकला होता. मला कळलंच नाही. त्या पायातलं मला काही कळतच नाही."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"आणि माझ्या पोरीला घेऊन बसलात?"

मेकॅनिकने हात मागे घेतला, लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि दोघं शेडकडे चालू लागली. पोरीने एकदा वळून पाहिलं. मास्तर कलंडलेल्या विमानाची कड धरून तसेच बसून राहिले, कारण कुणी धरल्याशिवाय त्यांना खाली उतरता येत नव्हतं.