हरिहरेश्वरच्या वाळूवरचा खो-खो

आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. मुरुडच्या शाळेत मुलींनी खेळायचं म्हणजे सागरगोटे, फुगड्या, फार तर लंगडी. त्या वर्षी घाटावरून एक तरुण शिक्षिका बदलून आल्या. त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा ओढल्या, दोन खांब रोवले आणि मुलींना म्हणाल्या, "अजून अंगावर पदर आलेला नाही तुमच्या. तोवर पळून घ्या."

आमची पोर पळाली. अशी पळाली की संध्याकाळी घरी यायची ती पायांना माती आणि परकराचा ओचा खोचलेला, तशीच. आमच्याकडे वन्सं राहायच्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. चौदाव्या वर्षी लग्न आणि पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं होतं त्यांचं. घरात पावलांचा आवाज न करता चालायची सवय त्यांना तेव्हापासूनची. त्या पोरीकडे बघून म्हणायच्या, "हिला आवरा ग. पोरीच्या जातीला एवढं वारं बरं नव्हे."

मी हसून सोडून द्यायचे.

शाळा सुटायच्या बेताला, एप्रिलच्या अखेरीस, वरच्या वर्गातल्या मुलींशी सामना होता. मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. दोन मुली रडत रडत फाटकातून आत आल्या. त्यांच्या मागून त्या शिक्षिका, आणि त्यांच्या पाठीवर आमची पोर. एक पाय नुसता लोंबत होता, घोटा टम्म सुजलेला. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. पोरीचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण मला बघितल्याबरोबर ती पहिलं काय बोलली, तर, "आई, मी बाद नाही झाले."

आणि मग रडायला लागली.

झालं होतं ते असं. पळतीच्या सगळ्या मुली बाद होऊन ही एकटी उरली होती. खांबाला वळसा घालताना तिचा पाय एका खळग्यात अडकला आणि ती आडवी पडली. मागची मुलगी हात लावणार, तेवढ्यात ही पडल्या पडल्याच लोळत पलीकडे गेली, आणि शिट्टी झाली. बाई हे मला सांगत होत्या तेव्हा त्यांना अजून धाप लागलेली होती. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर रागवावं असं मनात आलं नाही. पोरीला एवढी वाट पाठीवरून आणणाऱ्या माणसावर काय रागवायचं?

गावातल्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं. घोट्याच्या वरचं हाड चिरलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "पावसाळा लागेपर्यंत हा पाय जमिनीला टेकायचा नाही. आणि प्लास्टरला पाण्याचा थेंब लागता कामा नये."

आता खरी पंचाईत होती. हे कचेरीत कारकून. लग्न झाल्यापासून आम्ही मुरुडबाहेर गेलो ते लग्नामुंजीला नाहीतर कुणाच्या दहाव्या-बाराव्याला. नुसतं हिंडायला, चार दिवस मजेत राहायला असं कधी गेलो नव्हतो. त्या मे महिन्यात ह्यांना पहिल्यांदाच सलग रजा मिळाली होती. हरिहरेश्वरला जायचं ठरलं होतं. देवळाजवळच्या एका घरात उतरायची सोय झाली होती. पोर महिनाभर प्रदक्षिणेच्या गप्पा मारत होती. डोंगराला वळसा घालून पायऱ्या उतरायच्या, ओहोटी असेल तेव्हा समुद्राच्या अगदी काठाने खडकावरून जायचं, हे तिने कुणाकुणाकडून ऐकून ठेवलं होतं.

जेवताना हे म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ. देव काही कुठे जात नाही."

वन्सं म्हणाल्या, "मी तर म्हणते, त्या खेळाचंही नाव काढू नका आता. पाय वाकडा राहिला तर पोरीला कोण पदरात घेईल?"

असंच शेजारपाजारचेही म्हणून गेले होते. पोर भिंतीला टेकून, पाय पाटावर ठेवून जेवत होती. ती म्हणाली, "बाबा, पाय घरी ठेवला तरी तेवढाच दुखणार आणि तिकडे नेला तरी तेवढाच. मग तिकडेच दुखू दे ना."

हे हसले. मी मात्र हातातला घास खाली ठेवला. ती उगाच शौर्य दाखवत नव्हती, तिने खरंच तसा विचार केला होता. बारा वर्षांच्या पोरीत एवढा पोक्तपणा कुठून आला, असं वाटून ऊर भरून आला. मी म्हटलं, "जाऊ या. मी बघते काय ते."

बघायचं पुष्कळ होतं. ओळखीच्या सुताराने तिच्या मापाच्या कुबड्या करून दिल्या. काखेत रुतू नयेत म्हणून मी त्यांना जुन्या लुगड्याचे बोळे शिवले. राजपुरीहून दिघीला खाडी ओलांडायची तर होडीतून, आणि प्लास्टर भिजू द्यायचं नाही. आमच्या शेजारच्या भाभींचे यजमान जहाजावर नोकरीला होते. त्यांना कळलं तशा त्या जाडजूड मेणकापडाचा तुकडा घेऊन आल्या. "ये जहाजावरचा हाय. समुंदरातसुद्धा आत पानी जायचा न्हाय," म्हणाल्या, आणि माझ्याबरोबर बसून त्याची लांब पिशवी शिवू लागल्या. सुई त्या कापडात शिरेना. दोघींची बोटं फुटली. पोर आम्हाला म्हणाली, "माझ्या एका पायासाठी किती जणींचे हात दुखवलेत मी!"

भाभी म्हणाल्या, "बोलती बघ कशी! मोठी होऊन वकील व्हनार ही."

निघालो त्या दिवशी वारा होता. होडीत मधल्या फळीवर पोरीला बसवलं, पाय माझ्या मांडीवर. भर खाडीत एक लाट आली ती मला आणि वन्संना नखशिखांत भिजवून गेली. मी आधी पिशवीचं तोंड सोडून आत हात घातला. कोरडं! मी तशीच ओलीचिंब हसत सुटले. दिघीला पाणी उतरलं होतं, होडी काठाला लागेना. तेव्हा होडी हाकणाऱ्या तांडेलाने पोरीला खांद्यावर घेतलं आणि गुडघाभर चिखलातून नेलं. वाटेत त्याने विचारलं, "कशापायी मोडलास गो पाय?"

"खो-खो खेळताना."

"पोरी पन खेलतान का?"

"खेळतात. आमचा संघ आहे," असं ती त्याच्या खांद्यावरून इतक्या ऐटीत म्हणाली की मागून चिखल तुडवत येणारे हेसुद्धा ताठ चालायला लागले.

श्रीवर्धनपर्यंत एसटी मिळाली. कंडक्टरने मागचं लांब बाक मोकळं करून दिलं. पुढे बैलगाडी. पोहोचेपर्यंत पोरीचा चेहरा दुखण्याने सुकून गेला होता, पण एकदाही "परत जाऊ" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. ह्यांनी तिला उचलून दर्शन करवलं. तिला परत घराच्या पडवीत आणून बसवलं आणि मग प्रदक्षिणेची वेळ आली. मी म्हटलं, "मी थांबते हिच्याजवळ."

"नको, तुम्ही सगळे जा," पोर म्हणाली. "आणि आल्यावर सगळं नीट सांगा. आई, तू सांग, बाबांना सांगता येत नाही."

गेलो. कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून खाली आलं की एकदम समोर समुद्र, आणि खडकांना पाण्याने पाडलेली जाळी. मी बघत होते आणि काय काय सांगायचं ते मनात साठवत होते. परत आले तर पोर घराच्या पडवीत तोंड भिंतीकडे करून बसली होती. खांदे हलत होते. पाय मोडल्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मला बघून तिने परकराने डोळे पुसले. "काही नाही. सांग," म्हणाली. मी शेजारी बसले आणि पायरीपायरीने सांगितलं. तिने मधे मधे प्रश्न विचारले. शेवटी एवढंच म्हणाली, "मला कुबड्या घेऊन वाळूवर ने संध्याकाळी."

वाळूत कुबड्या रुतायला लागल्या. दोन पावलांत ती घामाघूम झाली. ह्यांनी तिला उचलून एका उंडीच्या झाडाखाली बसवलं. समोर गावातल्या पोरी पकडापकडी खेळत होत्या. मग तिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी सणसणीत शीळ घातली की पोरी जागच्या जागी थांबल्या. वन्संनी कपाळाला हात लावला.

"खो-खो येतो का तुम्हाला?" पोरीने ओरडून विचारलं.

एकीने मान हलवली. "आमाला न्हाय येत."

"या इकडे. मी शिकवते."

त्या आल्या. प्रथम त्या प्लास्टरभोवती जमल्या, बोटांनी टकटक करून बघितलं, मग शिकायला बसल्या. ह्यांनी पोफळीचे दोन सोट आणून वाळूत रोवले. पोरीने कुबडीने रेघा मारायला सांगितल्या. कुणी कुठे तोंड करून बसायचं, खो कसा द्यायचा, पाठलाग करणारीने मागे का वळायचं नाही, हे तिने बसल्या जागेवरून समजावून सांगितलं. कुणी चुकली तर रागवायची नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायची. मी तिला घरात कधी एवढं शांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पोरी कमी आल्या. काहीजणींना घरी काम होतं. खेळ अडला. आमची घरमालकीण, माझ्याच वयाची, लेकीला बोलवायला आली होती. पोर तिला म्हणाली, "काकू, तुम्ही बसा ना एका जागेवर. आई, तूही ये."

मी म्हटलं, "वेडी का काय तू?"

"गडी कमी आहेत, आई."

घरमालकीण माझ्याकडे बघून हसली, मी तिच्याकडे. दोघींनी पदर खोचले आणि वाळूत जाऊन बसलो. तरी एक जागा रिकामी होती. पोरीने झाडाजवळ जप करत बसलेल्या आत्याकडे पाहिलं. "आत्या, तू नुसती बस. बसायचंच काम आहे."

आश्चर्य म्हणजे वन्सं आल्या. माळ कनवटीला खोचून ओळीत उकिडव्या बसल्या. नुसतं बसायचंच काम आहे यावर त्यांचा विश्वास बसला असावा. गावातली एक पोर धावत आली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

"आत्या, ऊठ! खो मिळाला की उठावंच लागतं!"

आणि वन्सं उठल्या. पाऊल न वाजवणारी ती बाई वाळू उडवत धावली. समोरच्या मुलीला हात लावला तेव्हाच थांबली. मग स्वतःच गोंधळून आपल्या हाताकडे बघत राहिली. पोरी टाळ्या पिटत होत्या. वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "बाद केली ग मी हिला," म्हणाल्या, "बाद केली!"

मला मिळाला खो तेव्हा मीही धावले. लग्न झाल्यापासून मी धावलेच नव्हते, हे मला धावताना कळलं. दम लागून मी खाली बसले आणि झाडाकडे पाहिलं. माझी लेक पाय पसरून, प्लास्टर मेणकापडात गुंडाळून बसली होती आणि गावभरच्या बायकापोरी तिच्या शिळेवर उठत-बसत होत्या. हे छत्री हातात घेऊन शेजारी उभे होते. त्यांच्या तोंडावर जे होतं तेच माझ्याही तोंडावर असणार. आपल्या पोटची पोर, आणि आपल्याला इतकी नवी वाटावी!

उरलेले सगळे दिवस असेच गेले. निघताना घरमालकिणीने आमच्या गाडीत फणस ठेवला आणि पोरीला म्हणाली, "पुढल्या वर्षी दोन्ही पायांवर ये हो. मग बघू कोण कुणाला पकडतंय."

पाऊस सुरू झाल्यावर प्लास्टर कापलं. आतला पाय काठीसारखा बारीक निघाला, पोर बघून घाबरलीच. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळायचं मात्र सांगता येत नाही. आषाढ-श्रावण ती माजघरात भिंतीला धरून चालली, मग भिंत सोडून. वन्सं तिच्या पायाला तेल चोळायच्या. गणपतीत ती आरतीच्या ताटासकट घरभर फिरली. थंडीत शाळेमागच्या जागेवर गेली. पहिल्यासारखी पळू शकली नाही. ते तिलाही कळलं आणि आम्हालाही. एक-दोन दिवस ती तिकडे फिरकली नाही. मग बाईंना म्हणाली, मला पाठलाग शिकवा, त्यात डोकं लागतं. आणि ती त्यात तयार झाली.

मॅट्रिकनंतर तिने मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि म्हसळ्याकडच्या एका शाळेत लागली. तिथे तिने मुलींचे संघ उभे केले. पोरी पाठवा म्हणून ती भातशेतीवाल्यांच्या घरी जाऊन पडवीत बसायची, असं मी इतरांकडून ऐकलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही.

एकदा मी तिच्याकडे निघाले होते. एसटीला गर्दी होती, मी दांड्याला धरून उभी होते. एक तरणीताठी मुलगी, कडेवर मूल, झटकन उठली आणि मला म्हणाली, "बसा हितं. तुमी आमच्या खो-खोच्या बाईंच्या आई ना?"

"तुला कसं कळलं ग?" मी विचारलं.

"तोंडावरनं वळकू येता. आमी बाईंच्या पयल्या संघातल्या," ती म्हणाली आणि मूल दुसऱ्या कडेवर घेऊन ताठ उभी राहिली.

मी बसले. बाजूच्या बाईने विचारलं, "कोन बाई?" आणि मग म्हसळा येईपर्यंत मी तिला सगळं सांगत राहिले.