शेवंतीला रिलीफ मिळाला नाही

त्या वर्षी आमची प्लॅटून उत्तरेतल्या एका उंच पोस्टवर होती. मी प्लॅटून हवालदार. छुट्टीची यादी मी करायचो, सही साहेबांची. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज, सातला चहा, आठला हत्यारसफाई. पहाऱ्यावरच्या संत्रीला दर दोन तासांनी रिलीफ, म्हणजे बदली माणूस, मिळायचा. माणूस एकटा फार वेळ जागा राहू शकत नाही, हे फौजेला ठाऊक आहे.

नाईक परशुराम अणशीचा, मी गुंदचा. एका तालुक्यातले आम्ही दोघेच. त्याला मुलगा झाल्याचं फोनवर कळलं. बायको शेवंती, पहिलटकरीण. तीन आठवड्यांनी तो माझ्या बंकरमध्ये आला.

"हवालदारसाब, छुट्टी पायजे. पोर नीट दूध ओढत न्हाई. शेवंतीला झोप न्हाई. फोनवर रडत हुती."

"घरात आई हाय न्हवं?"

"आई कापणीला जाती."

"मग तू जाऊन काय करणार? दूध तू पाजणार?"

बंकरमधले सगळे हसले. मीही हसलो. त्या खेपेची छुट्टी मी दुसऱ्या जवानाला दिली. त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं. ते मला कारण वाटलं.

तेरा दिवसांनी, सकाळी अकरा वीसला, रेडिओ वाजला. सेटवर मीच होतो; अल्फा वन म्हणजे आमची पोस्ट.

"अल्फा वन, मेसेज फॉर नाईक परशुराम. ओव्हर."

"अल्फा वन, सेंड. ओव्हर."

"सन एक्सपायर्ड. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. परशुरामचा मुलगा गेला होता.

परशुराम रॉकेलचे जेरिकॅन उतरवत होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने हातातला जेरिकॅन आधी नीट खाली ठेवला.

"आता छुट्टी मिळंल?" एवढंच विचारलं.

दोन महिन्यांनी मी गावी आलो, तेव्हा अणशीला गेलो. परशुराम पोस्टवर परतला होता. काय झालं ते शेवंतीने सांगितलं. रात्रभर ती जागी होती. सकाळी सासू कापणीला गेली. मऊ वाकळीवर आडवी होऊन तिने बाळाला पाजायला घेतलं आणि तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळाचं तोंड वाकळीत रुतलेलं होतं. आईनेच पोर दडपलं, असं गाव म्हणत होतं.

"चूक माझीच, भावजी."

त्या सकाळी सासरा आणि दीर पडवीत बसून होते. दोन धडधाकट पुरुष, बारा पावलांवर.

मी सासऱ्याला विचारलं, "मामा, पोर पिऊन झाल्यावर तुमी का घेतलं न्हाई?"

"ते बाईमाणसाचं काम. आमास्नी काय कळतंय?"

माझं डोकं फिरलं. रायफलवाल्या जवानाला दोन तासांनी रिलीफ मिळतो. ही ओली बाळंतीण पाच आठवडे एकटी ड्यूटीवर, आणि डोळा लागला म्हणून गुन्हेगार तीच! दूध आईच पाजणार, कबूल. पण तिला पाणी आणून द्यायला, चूल बघायला, पोराचा ढेकर काढायला कुणी अडवलं होतं? उशी-वाकळ बाजूला सारून, सपाट अंथरुणावर पोराला उताणं झोपवायला? दूध ओढत नाही म्हणून नर्सबाईला बोलावून आणायला? त्याने पुरुषाचे हात झडतात? हे सगळं मी त्या दोघांना ओरडूनच विचारलं. 

मग मी शेवंतीला म्हणालो, "वैनी, तुमची चूक न्हाई. छुट्टी मी दिली न्हाई."

ती उठून आत गेली.

दीड वर्षाने त्यांना मुलगी झाली. यादीत पहिलं नाव मी परशुरामचं घातलं.

यादी लिहून घेणारा क्लार्क हसला. "हा काय दूध पाजणार?"

"नाव लिही. आणि हसू नको."

परशुराम चाळीस दिवस घरी राहिला. शेवंती पाजायची आणि झोपायची. तो पोरीला चटईवर उताणी ठेवून जवळ बसायचा. ती पोरगी आता शाळेत जाते.

तालुक्यातल्या रामनगरला दर वर्षी आम्ही माजी सैनिक जमतो. शहिदांची नावं वाचतात, आम्ही सावधानमध्ये उभे असतो. त्यातले काही माझ्याबरोबर जेवलेले आहेत. शेवटचं नाव वाचून झालं की बाकीचे बसतात. मी थोडा वेळ तसाच उभा राहतो. बाप छुट्टीवर आल्यावर शेवंतीच्या त्या पहिल्या पोराचं बारसं करायचं ठरलं होतं. त्याला नाव मिळालंच नाही.