आमसुलांसाठी थांबलेलं जंबो

"पट्टा बांधा." त्याच्या घरात कोणीही येवो, पोस्टमन येवो की मासळीवाली, खुर्चीला बूड टेकलं की हा म्हणणारच, "पट्टा बांधा." आणि पट्टा खरोखर होता. लेंग्याची नाडी, खुर्चीच्या दोन हातांना अडकवलेली. ती बांधली नाही तर चहा मिळत नसे.

सगळी वाडी त्याला कॅप्टन म्हणायची. तुमच्याकडेही असा एखादा असेल, आठवून बघा. आमच्या कॅप्टनने कुवेतच्या विमानतळावर उभा जन्म विमानात सामान चढवण्यात घालवला. जंबो तो पोटाकडून ओळखायचा. वरती माणसं बसतात हे त्याला ऐकून माहीत. म्हातारपणी रत्नागिरीला परत आला तेव्हा सगळे सोनं, अत्तर आणतात, याने कॉम्प्युटर आणला. त्यात विमान उडवायचा खेळ, सीडीतलं एक जंबो. जुन्या चालीचं, चार इंजिनांचं, डोक्याकडे कुबड असलेलं.

मी मेस्त्री. शाळा चौथीत सोडली आणि पुढे आंब्याच्या पेट्या ठोकल्या. एक दिवस हा माझ्या शेडवर आला.

"मेस्त्री, जंबोचं नाक करून द्या."

"माप?"

त्याने दोन्ही हात पसरले. "एवढं. आत मी मावलो पाहिजे."

मी पेट्यांच्या फळ्यांतून नाक केलं. फळ्यांवर छाप होता, 'हापूस. आपटू नये.' एक फळी नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर, कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वर बसली. तो म्हणाला, असू दे, कामाची सूचना आहे.

इंजिनांचा जोर वाढवायला पुढे ढकलायचे चार दांडे हवे होते. तीन झाले, चौथ्याला लाकूड पुरेना. मी घरात गेलो आणि बायकोचं लाटणं कापून आणलं. हिने घर डोक्यावर घेतलं. "माझं लाटणं आभाळात धाडलंत, आता पोळ्या तुमच्या टकलावर लाटू?" पुढे ती बाटलीने लाटायला लागली, पण बोलायची सोडली नाही. कॅप्टन तिला म्हणे, "वहिनी, चौथं इंजिन तुमचं. तेच सगळ्यात जोरात चालतं."

दांड्यांचा विमानाशी काही संबंध नव्हता, हेही सांगून टाकतो. तो एका हाताने दांडा ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डचं बटन दाबायचा.

त्याला विमान चढवता यायचं. उतरवता येत नसे. मिरजोळ्याची, म्हणजे आमच्या रत्नागिरीची धावपट्टी जंबोला पुरत नाही हे त्याला ठाऊक, तरी हट्ट, की गावात उतरण्यात मान आहे. एकदा विमान पट्टी ओलांडून पाण्यात गेलं. "आरे-वारेचा समुद्र!" तो ओरडला. मला नुसतं निळं दिसत होतं. मग तो पडवीत येऊन बसला. आतून त्याची बायको म्हणाली, "आज किती मेले?"

"सगळे."

"मग आता जेवून घ्या. बांगडे थंड होतात."

खेळ मध्येच थांबवायचं एक बटन होतं. त्याला हा कधी हात लावत नसे. कुवेतपर्यंत खऱ्या विमानाला लागतात तेवढेच तास बसून राहायचा. म्हणे, "आकाशात थांबायला ती काय रिक्षा आहे?"

आमच्या हिला विमानात बसायची हौस. आयुष्यात गणपतीपुळ्याच्या पलीकडे फारशी गेली नाही. त्यात छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरने जिनाही चढू नका म्हणून सांगितलं. तेव्हा ती कॅप्टनला म्हणाली, "भाई, मला एकदा न्या. पण समुद्रात नको. जमिनीवर उतरवा."

त्याने छातीवर हात ठेवला. "वहिनी, शब्द. जमिनीवर."

मग तो जो सरावाला बसला, त्याची दाढी वाढली, शेवटी उठला तेव्हा म्हणाला, आता जमेल.

मे महिन्यातला दिवस. हिने काठाची साडी नेसली, डब्यात घावणे आणि चटणी घेतली. विमानात काय देतात कोण जाणे, म्हणाली. कॅप्टनने डबा मासळी तोलायच्या काट्यावर तोलला आणि खुर्चीखाली ठेवला. मी पण आत शिरायला लागलो.

"मेस्त्री, जागा एकच आहे."

"मी उभा राहतो."

"ही एसटी नव्हे. बाहेर थांबा आणि हात हलवा."

मी पडवीत थांबलो. हात पण हलवला, काय करणार.

विमान पार अरबी समुद्रावर गेलं आणि इथे आमच्या वाडीवर आभाळ भरून आलं. ही आतून ओरडली, "भाई, थांबवा! माझी आमसुलं वाळत घातलीयत!"

"वहिनी, ढग खाली राहिले. आपण वरती आहोत."

"मेल्या, आपण वरती, पण आमसुलं खाली आहेत ना!"

मग त्याने खेळ थांबवायचं ते बटन दाबलं. जन्मात पहिल्यांदा. ही नाडी सोडून अनवाणीच धावली. जाता जाता म्हणाली, "आलेच."

आम्ही दोघांनी आमसुलं गोळा केली. ती सूप मांडीवर घेऊन पायरीवर बसली. "भिजली नाहीत ना बघा," म्हणाली आणि भिंतीला टेकली. मी बघितलं. आमसुलं कोरडी होती. ते सांगायला वळलो तर सूप मांडीवर तसंच, पण ही राहिली नव्हती.

हिच्या सुतकाचे दिवस सुरू असताना कॅप्टन माझ्या दारात येऊन उभा राहिला. माणूस अशा वेळी काहीतरी बरं बोलतो. हा म्हणाला, "मेस्त्री, विमान तसंच उभं आहे."

"मर जा तिकडे," मी म्हटलं.

तेव्हा लोडशेडिंग असायचं. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून लावलेला इन्व्हर्टर पुरेना, तेव्हा त्याने मिरकरवाड्याच्या आपल्या मेहुण्याच्या लाँचची बॅटरी आणून जोडली. लाँच बंदरात बांधलेली, मेहुणा दारात शिव्या देतोय, आणि आत एक विमान आभाळात जिथल्या तिथे. तेराव्यानंतर त्याची बायको माझ्याकडे आली. "भाऊजी, तुम्हीच सांगा आता. आंघोळीला उठत नाहीत. कोणी बटन दाबेल म्हणतात."

मी ते यंत्र बंद करायला गेलो. खरं सांगतो, वायर उपटून टाकायलाच गेलो. खुर्चीपाशी हिच्या वहाणा होत्या. खुर्चीखाली डबा. नाडी सुटलेली.

कॅप्टन म्हणाला, "त्या 'आलेच' म्हणाल्या होत्या. त्यांना समुद्रावर टाकून कसा जाऊ? शब्द दिलाय."

मी त्याला शिवी दिली. मग खुर्चीत बसलो.

"पट्टा बांधा," तो म्हणाला. मी बांधला. त्याने बटन दाबलं आणि विमान निघालं.

कुवेत आलं म्हणून त्याने सांगितलं. मला पिवळं दिसत होतं. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, वर फळीवर 'आपटू नये'. विमान आपटलं. उसळलं, परत आपटलं, वाकडं धावलं आणि उभं राहिलं. जमिनीवर.

कॅप्टन उठला, वाकला, खुर्चीखालचा डबा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "वहिनींचं सामान."

डब्याला भयंकर वास येत होता. इतके दिवस त्याने उघडला नव्हता. दुसऱ्याचं सामान उघडायचं नाही, ही त्याची जन्माची शिस्त. मी तो तसाच छातीशी धरून घरी आणला. मागे मेहुणा बॅटरी उचलून बंदराकडे पळत सुटला होता.

त्यानंतर कॅप्टनने विमान उडवलं नाही. काही वर्षांनी तोही गेला. जनाज्याला मी खांदा दिला. नंतर त्याच्या बायकोने ते नाक मोडलं आणि चौथा दांडा मला आणून दिला. "भाऊजी, हा तुमच्या घरचा."

घरात आता हिची बाटली आहे आणि तो चौथा दांडा, लाटण्याची मूठ. पोळ्या मला येत नाहीत. मूठ मी पडवीत, माझ्या खुर्चीच्या हातावर ठोकून घेतली आहे. संध्याकाळी बसलो की हात आपोआप तिच्यावर जातो. ठोकलेली आहे, हलत नाही. तरी मी जरा पुढे ढकलून बघतो.