वेल्डरचा बिनखंड दाखला

"हे हात बघा, साहेब! हे भाजल्याचे डाग पण खोटं बोलतात का?"

तो असा ओरडला, की पोलीस ठाण्याच्या पत्र्यावरचे कावळे उडाले ते थेट जव्हारच्या एसटी डेपोत उतरले. माझ्या मोखाड्याच्या नेमणुकीतलं बाकी सगळं विसरलो. तो आवाज मात्र कानातून जात नाही.

खोडाळ्याकडचा वेल्डर. बायको-मुलीला घेऊन परदेशात कायमचं राहायची परवानगी मागत होता. त्या परवानगीला कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो. ठेकेदारानं लिहून दिलं, 'पाच वर्षं बिनखंड काम.' आणि ठाण्यात निनावी चिठ्ठी आली, दाखला खोटा आहे.

मी त्या काळी चप्पल बघून माणसाच्या आजोबांचं गाव सांगायचो. निदान तशी बढाई मारायचो. याला दम दिलाच नाही. चहा मागवला.

"भाताच्या आवणीला गडी मिळतात का रे?"

"कुठले, साहेब! भात मीच लावतो, नागली पण. पाऊस लागला की कारखाना सोडून घरी."

"दरसाल?"

"दरसाल. चार महिने."

मी हवालदाराला म्हटलं, "लिहा." तेव्हा तो ओरडला.

जबाबावर सही झाली, अहवाल वर गेला. अर्ज फेटाळला गेला, शिवाय खोट्या कागदापायी पाच वर्षं बंदी. मी मात्र ही चहाची युक्ती तिखटमीठ लावून सांगत सुटलो. शेवटी शेवटी तर त्यात आंतरराष्ट्रीय टोळीसुद्धा आली.

निवृत्तीनंतर व्हिसाची कामं करणाऱ्या एका वकिलाला तीच गोष्ट ऐकवली. तो हसला नाही.

"काका, त्याच्या कामाला सलग अनुभव लागतच नव्हता. पाच वर्षांतले तुकडे जोडून दोन वर्षं भरली की पुरे. खरं लिहिलं असतं तरी गेला असता. आता त्याचं अर्जाचं वय गेलं."

पावसात आमच्या डोंगरातला माणूस शेतावर येणारच, हे मला ठाऊक होतं. त्यावरच तर सापळा लावला. खोटं हाती लागलं की तपास संपला, असं आयुष्यभर मानलं. त्या खोट्याखाली चाळीस महिन्यांचं खरं काम होतं.

खोडाळ्याला गेलो. तो कुणाच्या तरी फाटकाला वेल्डिंग करत होता. नियम सांगितला. चुकलो, म्हणालो. त्यानं डोळ्यांपुढची काच बाजूला केली.

"तुम्ही चार महिन्यांचं इचारलं, साहेब. आठ महिन्यांचं कोणी इचारलं नाय."