खोलीबाहेरची माणसं

त्या बुधवारी हॉर्न वाजलाच नाही. आई साडीवर कोट चढवून सकाळपासून दाराशी बसली होती. "दामूकाका उशीर करणाऱ्यातले नव्हेत गं," ती सारखी म्हणत होती. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत. "ट्रॅफिक असेल," म्हटलं आणि निघाले. दुपारी ऑफिसात काकांच्या मुलाचा फोन आला. "डॅड पास्ड अवे, ताई. इन हिज स्लीप..." घरी आले तेव्हा आईच्या अंगावर कोट तसाच होता.

दामूकाका अमेरिकेत, या पार्सिपनीत, आमच्या सगळ्यांच्या आधी आलेले. पूल बांधणारे इंजिनिअर; रिटायर झाल्यावर इथला इतिहास वाचायचं वेड लागलं आणि एकोणिसाव्या शतकातली अध्यक्षपदाची एक निवडणूक मानगुटीवर बसली. जेवायला बोलवावं, तर श्रीखंड वाढेपर्यंत ती निघायचीच. एकाला देशभरात मतं जास्त, तरी राज्यांच्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टोरल, एका मताने दुसरा अध्यक्ष! निकालाचा घोळ महिनोन्महिने चालला आणि शेवटी बंद दाराआड समझोता झाला. हरलेल्यांनी पराभव गिळला, बदल्यात दक्षिणेतलं केंद्राचं उरलंसुरलं सैन्य मागे गेलं. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांना त्याच सैन्याचा आधार होता. "त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही," काका म्हणायचे. "भांडणारे दोघं एकदम गोड बोलायला लागले ना, की मला धडकी भरते. खोलीबाहेर कोण उभं आहे, ते आधी बघावं." आम्ही हसायचो. मी तर त्यांना तोंडावर अपशकुनी म्हणायची.

मग आमच्या इथल्या मराठी मंडळाची निवडणूक आली. मतपत्रिका चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या, आणि दोन्ही पॅनेल बरोबरीत! फोनवर उणीदुणी निघाली, गणपतीला दोन वेगळ्या पंगती बसल्या... आणि एका रविवारी दोन्हीकडचे पुढारी हसत हसत सभेत आले. अध्यक्ष यांचा, सेक्रेटरी त्यांचा, दिवाळीला दणदणीत नाटक. टाळ्या पडल्या. काका तेवढे उठून उभे राहिले.

"बुधवारच्या खोलीचं काय?"

चर्चच्या तळघरातली ती भाड्याची खोली. मुलांनी भारतातून आणलेले आईवडील आठवड्यातून एकदा तिथे पत्ते खेळायचे, पोटभर मराठी बोलायचे. "ती तूर्त कॅन्सल केलीय, काका. बजेट टाइट आहे. पुढे बघू," नवा अध्यक्ष म्हणाला. त्या म्हाताऱ्यांपैकी सभेला कुणीच नव्हतं. मत तर त्यांना नव्हतंच.

त्या हिवाळ्यात आई बोलेनाशी झाली. खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघायची, हाक मारली तरी मान वळवायची नाही. मला घरी परतायची भीती वाटायची. काका कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी स्वतःचं गॅरेज रिकामं केलं, खुर्च्या मांडल्या आणि दर बुधवारी जुनी स्टेशन वॅगन घेऊन दारोदार हॉर्न वाजवत फिरायला लागले. माझी आई त्यांनी मला परत दिली. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

काकांचं घर विकेपर्यंत गॅरेज वापरा म्हणून त्यांच्या मुलाने सांगितलंय. वॅगनही आम्हालाच दिली. ती आता आमच्या ड्राइव्हवेत उभी असते. गाडी कोणी चालवायची यावरून नवऱ्याचं आणि माझं रोज वाजायचं, कारण बुधवारी दोघांनाही ऑफिस. काल सकाळी स्वयंपाकघरात एकदाचं मिटलं. "महिन्यातला एक बुधवार मी ऑफ घेतो, एक तू घे," तो म्हणाला. "बाकीचे स्किप करू. पुढे बघू."

"ओके," मी म्हटलं. इतकं हलकं वाटलं की दोघंही हसलो. चहाचा कप घेऊन मी वळले. दारापलीकडे आई उभी होती, साडीवर कोट चढवून.