सत्तावीस मोटारसायकलींची यादी

आमच्या सावंतवाडीकडे मोटारसायकलींची रॅली म्हणजे घड्याळाचा खेळ होता. घाटाच्या पायथ्याशी रस्त्यावर चुन्याची रेघ मारायचे. एक गाडी सुटली की दोन मिनिटांनी दुसरी. घाटात तीन ठिकाणी टेबलं मांडून माणसं बसलेली असायची, स्वार आला की त्याच्या कार्डावर वेळ लिहायची. जोरात येणारा जिंकत नसे, ठरल्या मिनिटाला येणारा जिंकायचा. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत मी अशा एका टेबलावर बसलो होतो. माझं अक्षर चांगलं, म्हणून गणिताच्या सरांनी माझं नाव सुचवलं होतं. बघायला जेमतेम चाळीस-पन्नास माणसं असतील. घाटावरून आलेले स्वार सांगायचे की कोल्हापूरकडे याचा थाटच वेगळा. तिकडे रानात पाणी सोडून चिखल करतात, त्यात गाड्या गोल फिरवतात आणि बांधावर सगळा गाव लोटतो.

मुंबईत आलो तेव्हा तिसराच प्रकार पाहिला. इथे रॅलीत कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. हँडलला हँडल लावून सगळे एकत्र, सायलेन्सर काढलेले, हॉर्न दाबून धरलेले, मागे बसलेल्यांच्या हातात झेंडे. वेग सगळ्यात हळू गाडीचा. मला तो निव्वळ गोंधळ वाटायचा. शिकलेल्या माणसाने यात शिस्त आणली पाहिजे, असंही वाटायचं. त्या वाटण्याची भीती मी पुढे बरीच वर्षं वागवली.

डिलाईल रोडच्या चाळीत काकांची एक खोली होती. काका गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. मी त्यांच्याकडे राहून पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिलाच. परीक्षेच्या दिवसांत काका-काकी बाहेर गॅलरीत झोपत, मला दिवा लागतो म्हणून. त्या घराचं मी काय देणं लागतो ते मला माहीत आहे.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली होती. काका रोज सकाळी डबा न घेता गेटवर जाऊन येत. काकांचा मुलगा, माझा दादा, परळला एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा. मला सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं, फक्त पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी व्हायची बाकी होती. त्याच आठवड्यात दादा आणि त्याचे मित्र म्हणाले, संप अजून जिवंत आहे हे दाखवायला लालबागवरून गिरगावपर्यंत मोटारसायकलींची रॅली काढायची.

गिरणी कामगारांकडे कुठली मोटारसायकल? गाड्या मागून आणायच्या होत्या. गॅरेजातल्या दोन, दूधवाल्याची एक. वरळी कोळीवाड्यातला दादाचा मित्र बापाची गाडी आणणार होता. त्या गाडीला मासळीचा इतका वास की दादा म्हणाला, "तुला शेवटी ठेवतो रे. पोलीस मागून आले तर वासानेच परत जातील." एक गाडी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून येणार होती. ती गिरणीतल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मेव्हण्याची, आणि मेव्हणा सरकारी नोकर.

"तुला रॅलीतलं कळतं ना?" दादाने मला विचारलं. "मग बस इकडे. जमावबंदी लागू आहे. काय करायचं सांग."

मी विचार करून सांगितलं, "पाचजण एकत्र दिसले तर जमाव. आपण गावच्यासारखं एकेक सोडू. मध्ये दोन-दोन मिनिटं. एकटी मोटारसायकल म्हणजे जमाव नव्हे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्याचं डोकं बघ."

मग मी यादी केली. फुलस्केप कागद, पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रम, चालवणाऱ्याचं नाव, गिरणी आणि खातं, गाडीचा नंबर, गाडी कुणाची, सुटायची वेळ. सत्तावीस नावं. पहिलं दादाचं.

"अरे, लग्नाची यादी आहे काय?" दादा हसला. "फोटो पण चिकटव ना!"

तरी सगळे त्या कागदावर वाकून आपापलं नाव बघत होते. एकाने आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली. तो कागद धोक्याचा आहे हे कुणाच्या मनात आलं असेल तर माझ्या आनंदाकडे बघून तो बोलला नसेल.

रॅलीच्या दिवशी मी शेवटच्या गाडीवर, कोळ्याच्या मागे बसलो. काकांचं घड्याळ मनगटावर, यादी शर्टाच्या खिशात. चार वाजता दादा सुटला. दोन मिनिटांनी दुसरा. मी एकेका नावापुढे खूण करत होतो. सगळं इतकं नेटकं चाललं होतं की गणिताचे सर बघायला हवे होते, असं मनात आलं. आम्ही सुटलो तेव्हा पाच वाजत आले होते.

चिंचपोकळीच्या पुढे आम्हाला एक गाडी उलट येताना दिसली. चालवणारा ओरडला, "मागे फिर! पकडतायत! एकेकाला पकडतायत!"

भायखळ्याच्या अलीकडे पोलिसांची गाडी उभी होती. त्यांना काही करावंच लागलं नव्हतं. दोन मिनिटांनी एक मोटारसायकल आपणहून समोर येत होती. ते हात दाखवत, चावी काढून घेत, स्वाराला गाडीत बसवत आणि पुढच्याची वाट बघत. सत्तावीस गाड्या हँडलला हँडल लावून आल्या असत्या तर तेवढ्या पोलिसांना बाजूला व्हावं लागलं असतं. मुंबईत सगळे एकत्र का जातात ते मला तिथे कळलं. गावी घाटात स्वाराला भीती वळणाची. इथे भीती एकटं सापडण्याची, आणि मी प्रत्येकाला एकटं पाडलं होतं.

कोळ्याने गाडी गल्लीत घातली आणि मला उतरवलं. "पळ. चालत जा, धावू नकोस," म्हणाला. मी घरी पोहोचलो तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तो काढून खुंटीला लावला आणि काकांना सांगायला खाली गेलो. परत आलो तर काकी मोरीत शर्ट घासत होती.

"काकी, खिशात कागद होतो?"

"कागद खंय? रुमाल होतो. वाळत घातलंय."

म्हणजे कागद रस्त्यात कुठेतरी पडला होता.

दिवेलागणीला दादा आला. सहाजण पकडले होते, बाकीचे पोलिसांची गाडी लांबून बघून गल्ल्यांत पांगले होते. पहिल्या गुन्ह्याचं म्हणून दम देऊन सोडलं, गाड्या मात्र ठेवून घेतल्या. "बाकीच्यांची नावं विचारत होते," दादा म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, कोण कुठले माहीत नाही. रस्त्यात मागे लागले." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तुझा तो कागद आहे ना नीट?"

मी मान हलवली. आयुष्यात दादाशी तेवढंच खोटं बोललो, तेही तोंडाने नाही.

बाकीचे एकवीसजण त्या कागदावर होते, नाव, गिरणी, खातं यांसकट. पोलिसांच्या हाती लागला तर अटक. गिरणीच्या कचेरीत पोहोचला तर उद्या गेट उघडलं तरी त्यांना आत घेणार नाहीत. अँटॉप हिलचा मेव्हणा तर घरबसल्या नोकरीवरून जाईल. आणि अक्षर माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच रस्ता पायी फिरलो. करी रोडचा पूल, लालबाग, चिंचपोकळी. गटाराच्या कडा बघत, वाकत, चप्पल शिवायची आहे असं सोंग करत. एका भेळवाल्याच्या गाडीवर रकाने आखलेल्या कागदाचा पुडा दिसला आणि मी तिथेच उभा राहिलो. गिऱ्हाइकाने भेळ संपवून पुडा टाकला, तो मी उचलला. कुणा पोराची वजाबाकीची उदाहरणं होती. रद्दीच्या दोन दुकानांसमोर उभा राहिलो, पण आत जाऊन काय विचारणार? ज्या कागदाबद्दल विचारावं तो लोक नीट बघतात.

चार दिवस असे गेले. जिन्यात बुटांचा आवाज आला की मी पावलं मोजायचो. काका विचारायचे, "कामावर कधीपासून?" मी म्हणायचो, कळवतील. काकी बघायची आणि ताटात अजून भात वाढायची.

पाचव्या दिवशी दुपारी बूट आमच्याच दारात थांबले. साध्या कपड्यांतला एक पोलीस होता, हातात कागद. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं. मला वाटलं, मिळाला.

"नोकरीची चौकशी आहे," तो खुर्चीवर बसत म्हणाला. माझ्या जिवात जीव येतो न येतो तोच त्याने पुढचं विचारलं. "इथे संपवाले बरेच दिसतात. परवाच्या त्या मोटारसायकलवाल्यांतलं कुणी ओळखता?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते आजही मला माहीत नाही. मला खोटं जुळवता येत नाही. बहुतेक म्हणालो असतो की कागद हरवला.

"त्याका काय इचारतास, साहेब?" काकी चहाचा कप घेऊन पुढे आली. "गावचो पोरगो. अभ्यास आणि कॉलेज. आता चार दिवस ताप होतो त्याका, तोंड बघा."

पोलिसाने तोंड बघितलं. ते खरंच तापकऱ्याचं दिसत असणार. त्याने चहा घेतला, कागदावर काही लिहिलं आणि गेला.

जिन्यावरचा आवाज संपेपर्यंत काकी दारातच उभी होती. मग कडी लावून माझ्यासमोर खाली बसली.

"तुझो कागद मिया जाळलंय. त्याच दिवशी. चुलीत."

मी खुंटीकडे बघितलं, मग चुलीकडे.

"तिसरी शिकलंय मी. नावां वाचूक येतत. पयला नाव माझ्या झिलाचा."

"मग मला का नाही सांगितलंस? मी चार दिवस…"

"सांगितलं असतंय तर तू मोकळो झालो असतंस. मोकळो झालो की तू खरा बोलतंस. भियान असलंस म्हणान गप रवलंस." तिने कप उचलला. "ग्रॅज्युएट झालंस, बाबा. पण नावां अशी लिवन ठेवतत काय?"

मी तिच्या पायांशी बसून रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाली, "दादाक सांगू नको. हसात."

मला नोकरी लागली. काकांना गिरणीने परत घेतलं नाही. ते पुढे एका इमारतीवर वॉचमन राहिले. एकवीसजणांपैकी कुणावरही त्या रॅलीचं बालंट आलं नाही.

आता काका-काकी नाहीत. दादाची मुलगी लग्न होऊन फणसवाडीत राहते. गिरगावात पाडव्याच्या मिरवणुकीत बायका नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटारसायकली चालवतात. गेल्या पाडव्याआधी ती छापील फॉर्म घेऊन आली.

"काका, तुमचं अक्षर छान आहे. भरून द्या ना. नाव, गाडीचा नंबर, गाडी कुणाची, सगळं लागतं."

मी पेन घेतलं. नाव लिहिलं. नंबराच्या रकान्यापाशी हात थांबला तो हलेना. तळव्याचा घाम कागदाला लागला.

"काय झालं?"

"हा फॉर्म कुणाकडे जातो ग?"

"मंडळाकडे. अजून कुणाकडे जाणार?" ती हसली आणि राहिलेलं तिनेच लिहिलं.

पाडव्याला मी फणसवाडीच्या नाक्यावर उभा होतो. त्या सगळ्या एकत्र आल्या, हँडलला हँडल लावून, मध्ये हात घालायला जागा नाही अशा. ती मधोमध होती. मोठमोठ्याने हॉर्न वाजत होते. शेवटची गाडी वळेपर्यंत मी तिथून हललो नाही.