दुबईची बाळझोळी

मी बाजारातून अंडी आणली की आमच्याकडे आमलेटच करावं लागतं. अशा माणसाला चार महिन्यांची लेक सांभाळत एसटीने चिपळूणला जायचं होतं, कारण बरोबर येणाऱ्या बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता. मला स्वप्नातही एसटीचे गचके बसू लागले. छातीशी बांधायची साधी झोळी शिंपी स्वस्तात शिवून देणार होता. मिरकरवाड्यात मात्र दुबईहून सुट्टीवर आलेला एक जण तिथली कोरी झोळी विकत होता. किंमत शिंप्याच्या दहापट.

त्याच्या ओटीवर मी पट्टे ओढून पाहिले, बक्कल पुन्हा पुन्हा उघडलं आणि झोळी दप्तरासारखी पाठीवर चढवली.

"अवो, पोर पुढे घ्यायचं! मागे पडलं तर कळायचं नाय तुम्हाला," म्हणत त्याने ती स्वतःच्या छातीशी बांधली. मी शंका विचारत राहिलो. तो उत्तरं देत होता आणि रिकामी झोळी हलक्या हाताने थोपटत होता.

"एवढी भक्कम आहे, तर विकता कशाला?"

"पोरगी झाल्याचं कळलं, त्याच दिवशी घेतली. सुट्टी मिळाली तोवर ती चालायला लागली." त्याने दाराआडच्या छोट्या फ्रॉककडे पाहिलं. "आता जवळ घ्यायला गेलो तर पळते."

घासाघीस करायची मी विसरलोच.

एसटीत बायको म्हणाली, "अहो, एवढी महागाची आणलीत ती हात मोकळे राहावेत म्हणूनच ना?"

माझा एक हात झोळीखाली होता, दुसरा थोपटत होता. चिपळूण येईपर्यंत मला कुठलाच मोकळा करवला नाही.